थंड होईपर्यंत

पेडण्यात सकाळचे सात. पाववाला पोदेर भोंगा दाबत चढ चढतो आहे. टोपलीवर निळं प्लास्टिक, कडेला उंड्यांची पिशवी लटकलेली. मासळीवाल्या अजून यायच्या आहेत. मे संपत आलाय. इतक्या सकाळीही शर्ट पाठीला चिकटतो. मी चावी फिरवतो आणि पोदेराचा भोंगा बुडून जातो.

टक-टक-टक-टक.

गाडी मारुती ८००. पांढरी, म्हणजे कागदोपत्री पांढरी. हा आवाज आधी फक्त सकाळी यायचा, मग चढावर येऊ लागला, आता मुक्कामालाच आलाय. कोणीतरी बोनेटखाली बसून शिवणयंत्र मारतंय असं वाटतं. चहाच्या टपरीवर एक आजोबा बसलेत. ते मान वळवत नाहीत. पावाचा तुकडा चहात बुडवता बुडवताच सांगतात, "टॅपेट."

पुढे रस्त्याकडेला पत्र्याचं गॅरेज आहे. शटर उघडून दहा मिनिटं झाली नाहीत तोवर बाहेर चार गाड्या. मिरग तोंडावर आला की सगळ्यांना एकदम आपली गाडी आठवते. कोणाला वायपर हवेत, कोणाला ब्रेक शू, कोणाच्या पायाखाली गेल्या पावसात पाणी साचलं होतं. दोन गाड्यांवर जीए-११, एकीवर एमएच-०७. तेरेखोलपलीकडची माणसंही इकडेच येतात. चौथी गाडी मोपाच्या विमानतळावर भाडं सोडून थेट आलेली. मागच्या सीटवर कोणाची तरी गवती टोपी विसरलेली आहे.

मेकॅनिक तिशीतला. आधी ऑइलची पट्टी ओढतो, पुसतो, पुन्हा घालतो, पुन्हा ओढतो. ऑइल कमी असलं तरी वरचं सगळं वाजतं, म्हणून पहिलं हे. ऑइल बरोबर आहे. मग तो हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढतो. टोक टॅपेट कव्हरवर, मूठ कानामागच्या हाडावर. डोळे मिटतो. डॉक्टरसारखा, असं लिहायचा मोह होतो. पण हल्ली कुठला डॉक्टर इतका वेळ डोळे मिटून ऐकतो?

मलाही ऐकवतो. लाकडी मुठीतून आवाज थेट डोक्यात येतो. टोक दोन बोटं सरकवलं की टक दूर जाते, परत आणलं की जवळ येते. तिसऱ्या सिलिंडरवर ती सरळ कानात ठोका घालते. इंजिन जागच्या जागी मिनिटाला साधारण ९०० फेऱ्या घेतंय. कॅम त्याच्या निम्म्या वेगानं फिरतो. म्हणजे एकेक व्हॉल्व्ह मिनिटाला ४५० वेळा उघडतो, सेकंदाला सात-आठ टक. मोजता येत नाहीत, पण ताल कळतो. खालचं बेअरिंग गेलं असतं तर आवाज जाड आला असता आणि दुप्पट घाईनं. हे सांगताना तो मुठीनं बोनेटच्या कडेवर दोन्ही ताल वाजवून दाखवतो. दशावतारातल्या पखवाजावर याचा हात बरा चालेल.

"टॅपेटच," तो म्हणतो. आणि कव्हरवर तळहात टेकवून लगेच काढतो. "पण तापली."

घरापासून इथवर जेमतेम तीन किलोमीटर. तरी तापली. टॅपेट थंड इंजिनावर लावायचे, आणि गाडी गॅरेजात आणायची म्हणजे ती तापवायची. यातून सुटका नाही. "थंड जांव दी तिका आदीं," तो म्हणतो. बाहेरच्या चार गाड्यांकडे बघतो. "आजच जाय जाल्यार दिवचलेंत वचात."

डिचोलीला बोलताना इथे दिवचल म्हणतात.

धारगळहून हायवेला लागतो. कोलवाळच्या पुलाखाली शापोरा नदी पिवळट, संथ पडलेली. काचा खाली केल्यात, कारण या गाडीत गार हवेची दुसरी सोय नाही. वेग वाढला की टक-टक वेगळी ऐकू येत नाही, तिची सलग किरकिर होते. थिवी. अस्नोडा. उजवीकडे काजूची झाडं; बोंडांचा हंगाम संपलाय, पण एका वळणावर कुठूनतरी भट्टीचा आंबूस वास आत येतो आणि लगेच जातो. मुळगावचा चढ सुरू होतो तशी मी तिसऱ्या गिअरवर येतो. इंजिन ३००० फेऱ्यांवर तासभर चाललं, तर एका व्हॉल्व्हनं ९०,००० वेळा तोंड उघडून मिटलेलं असतं. या गाडीला असे सहा. एवढ्या उघडझापीत एखादा स्क्रू केसभर ढिला पडला, तर त्याला तरी बोल कसा लावायचा.

डिचोलीत पोचतो तेव्हा साडेअकरा. गॅरेज फणसाखाली आहे. पाच गाड्या उभ्या, पाचही बोनेटं उघडी. कोणीच काम करत नाहीये. दोन ८००, एक अल्टो, एक जुनी पॅडमिनी आणि शेवटी एक ओमनी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल, कामगारांचा संप आहे. तसं नाही. गाड्या निवताहेत. गरम लोखंड आकसताना मधूनच टिंग वाजतं. एकीकडून, मग दुसरीकडून. झाडावरून पिकला फणस कधी पडेल याचा भरवसा नाही, म्हणून पॅडमिनीवाल्यानं टपावर गोणपाट टाकलंय.

जमीन लाल आहे. नुसती मातीची लाल नाही. फटीफटीत बसलेली, तेल पिऊन काळसर झालेली खनिजाची लाली. इथे पूर्वी टिप्परांची रांग असायची. खाणीवरून उतरलेले, स्प्रिंगचे पाटे मोडलेले, क्लच जळलेले. आमचे मेस्त त्याच कामात घडले. सगळे त्यांना मेस्तच म्हणतात. साठीचे, खाकी अर्धी चड्डी, बनियन, डाव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापाशी वाकडी. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा रांग एका आठवड्यात गेली. पुन्हा थोडी आली. मार्च २०१८ मध्ये पुन्हा गेली. मेस्तांनी मोठे पाने वरच्या फळीवर टाकले आणि लहान पाने खाली घेतले.

"टिप्परला बारा टॅपेट," ते सांगतात. "सहा सिलिंडर, बारा. हेका सहा. अर्धा दीस." आणि हसतात.

माझी गाडी रांगेत सहावी लागते. बोनेट उघडं. मेस्त कव्हरला हात लावतात, आकाशाकडे बघतात, घड्याळ बघत नाहीत. "साडेतीनक."

गॅरेजातला पोरगा एकाच्या आत पॅकिंग आणायला धावतो. एक वाजला की स्पेअरपार्टचं दुकान बंद, मग साडेतीनपर्यंत डिचोलीत खिळाही मिळत नाही. टॅपेट कव्हरखालचं रबरी पॅकिंग एकदा काढलं की परत बसवून उपयोग नसतो. जुनं रबर उष्णतेनं प्लास्टिकसारखं कडक होतं. बसवलंच तर ऑइल झिरपतं, सायलेन्सरच्या नळीवर टपकतं, आणि घरी पोचेपर्यंत गाडीत कांदा करपल्यासारखा वास. पोरगा घामाघूम होऊन परततो. मिळालं. पिशवीत पॅकिंग आणि कागदात चार भजी.

एक वाजतो. शटर अर्धं खाली येतं. मेस्त आत बाकावर आडवे होतात. पंखा फिरतो. रस्त्यावरचा आवाज कोणीतरी बटण पिरगळावं तसा कमी होतो. गोव्यात दुपारी झोपतात, याची बाहेरच्या लोकांना गंमत वाटते. इथे टायरवर बसून मला त्यातली यांत्रिक सोय दिसते. मेस्तांची झोप आणि इंजिनाचं निवणं, दोन्हीला लागणारा वेळ जवळजवळ सारखाच.

मी, पॅडमिनीवाले गृहस्थ आणि अल्टोचा तरुण मालक, आम्ही तिघे सावलीबरोबर सरकत राहतो. सावली फणसाच्या बुंध्याभोवती फिरते, आम्ही तिच्या मागे. पॅडमिनीवाले लहानपणीची आठवण काढतात. पोर्तुगीज अमदानीत आयात झालेल्या डिझेल मर्सिडीज टॅक्सी मुक्तीनंतरही कित्येक वर्षं गोव्यात धावत होत्या; त्यांचा आवाज वळणाआधी यायचा. अल्टोवाला मोबाइल काढतो. त्यानं गाडीचा आवाज रेकॉर्ड करून मेस्तांना आधीच व्हॉट्सअॅपवर पाठवलाय. त्यावर मेस्तांचं उत्तर एकच शब्द: हाड. म्हणजे आण.

अल्टोचं इंजिनही ७९६ सीसीचंच, पण तिला बारा व्हॉल्व्ह. तिचा मालक ते अभिमानानं सांगतो. आज त्याचं काम दुप्पट आहे हे त्याला अजून उमगलेलं नाही.

अडीच. मी हळूच उठून कव्हरवर हात ठेवतो. पाच आकडे मोजेपर्यंत ठेवता येतो, सहाव्याला काढावा लागतो. सुझुकीच्या पुस्तकात थंड इंजिन म्हणजे १५ ते २५ अंशांचं. मे महिन्यात डिचोलीत २५ अंश फ्रीजमध्ये मिळतील. रात्रभर उभी ठेवली तरी ही गाडी पुस्तकाइतकी थंड व्हायची नाही.

साडेतीन. शटर वर. मेस्त तोंड धुतात, खांद्यावरच्या पंचानं पुसतात. चहा येतो. पहिली ८०० पंधरा मिनिटांत, दुसरी वीस. अल्टोवाल्याला ते संध्याकाळी यायला सांगतात आणि त्याचा चेहरा उतरतो. पॅडमिनीचं नुसतं ऐकतात आणि उद्यावर टाकतात. मग माझी.

कव्हर निघतं. आतलं पहिल्यांदाच बघतोय. तपकिरी तेलात न्हालेली सहा रॉकरांची रांग, प्रत्येकाच्या टोकाला एक छोटा स्क्रू आणि त्यावर लॉकनट. कॅमचा उंचवटा रॉकरच्या एका टोकाला उचलतो, दुसरं टोक व्हॉल्व्हच्या दांडीला खाली दाबतं. उंचवटा सरला की स्प्रिंग व्हॉल्व्ह वर ओढून घेते. त्या क्षणी स्क्रू आणि दांडी यांच्यात किंचित फट राहायला हवी. तेवढीच फट. ती लावणं म्हणजे टॅपेट लावणं. आज सकाळपासूनचा सगळा खटाटोप तेवढ्यासाठी.

मेस्त डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून रोटरचं तोंड पाहतात. पोरगा प्लग काढतो, चौथा गिअर टाकतो आणि मागून गाडी ढकलतो. "आनीक. आनीक. राव!" गाडी वीतभर पुढे गेलेली असते. पहिला पिस्टन वर आला, दोन्ही रॉकर मोकळे. मेस्त बोटांनी ते हलवून बघतात. खिशातून फिलर गेज निघतं: पोलादी पात्यांचा छोटा पंखा. पात्यांवरचे आकडे कधीच पुसले गेलेत. ते अंगठ्यानं पाती चाळतात आणि न बघता एक बाहेर काढतात.

"कितीचं?" मी विचारतो.

"पंधराचं."

०.१५ मिलिमीटर. वर्तमानपत्राचं पान दुमडलं तर साधारण तेवढं. पुस्तकात थंड इंजिनाला ०.१३ ते ०.१८ दिलंय, गरम इंजिनाला ०.२३ ते ०.२८. मला वाटायचं, धातू तापला की फुगतो, म्हणजे फट कमी व्हायची. इथे उलट आहे. हेड ॲल्युमिनियमचं, व्हॉल्व्ह पोलादाचा. ॲल्युमिनियम जास्त फुगतं, रॉकर वर उचलले जातात आणि फट वाढते. घाईत कोणी गरम इंजिनावरच पंधराचं पातं लावून मोकळा झाला, की रात्री ते इंजिन निवतं आणि फट पाचावर येते. सकाळी गाडी खोकते. मागच्या वर्षी एका ठिकाणी माझी गाडी अशीच वीस मिनिटांत करून मिळाली होती. मी मेस्तांना ते सांगत नाही. पण त्यांनी एका रॉकरपाशी "हेका कोणें हात लायला?" असं पुटपुटलेलं मला ऐकू येतं.

पातं फटीत सरकतं. ते ओढताना किंचित अडायला हवं. नव्या पुस्तकातली चिकटलेली दोन पानं सोडवताना लागतो, तेवढाच जोर. मेस्त माझ्या हातात देतात. मला काही कळत नाही. ढिलं आहे की घट्ट? ते पुन्हा स्वतः ओढतात, मान हलवतात. स्क्रू पाव फेरीहून कमी फिरवतात. डाव्या हातानं स्क्रू ड्रायव्हर धरून उजव्या हातानं रिंग पान्यानं लॉकनट आवळतात. आवळताना स्क्रूही किंचित फिरतो, म्हणून पातं पुन्हा घालायचं. तीन वेळा घालतात. तिसऱ्यांदा समाधान होतं. घाम नाकावरून ओघळून तेलात पडतो. कोणी काही बोलत नाही.

पोरगा ढकलतो. "राव!" तिसरा सिलिंडर. या इंजिनाचा क्रम एक-तीन-दोन. इथेच सकाळचा ठोका होता. पंधराचं पातं आत जातं आणि वाजत-हलत राहतं. वीसचंही जातं. तीसचंही जातं. मेस्त माझ्याकडे बघतात, आज पहिल्यांदाच जरा कौतुकानं. मग स्क्रू आत घेतात. एक्झॉस्टच्या बाजूला मात्र ते पंधराच्या पात्यावरही थोडं मोकळं ठेवतात.

"घट्ट करूंक येता," ते म्हणतात. "मग आवाज ना. पूण मग व्हॉल्व्ह ना."

जळणारा वायू एक्झॉस्ट व्हॉल्व्हला तापवत राहतो. व्हॉल्व्ह बंद होऊन आपल्या बैठकीवर टेकतो तेव्हाच त्याची उष्णता हेडात उतरते. फटच ठेवली नाही तर तो पुरता टेकत नाही. कडेच्या चिरेतून आग निसटत राहते, आणि एक दिवस कडेचा लचका तुटतो. हे सगळं गुपचूप चालतं. बाहेर ऐकू येत नाही.

शेवटचा सिलिंडर. पॅकिंग, कव्हर, प्लग, टोपी. सव्वापाच वाजतात. उन्हाचा रंग बदललाय, धूळ आता तांबडी नाही, केशरी दिसते. मी चावी फिरवतो. मेस्त बोनेटपाशी उभे, मान तिरकी. शिवणयंत्र बंद झालेलं नाही. ते शेजारच्या घरात गेलंय.

"अजून थोडं वाजतं," मी म्हणतो.

"वाजूं दी."

पोरगा हात केरोसीनमध्ये बुडवतो. अल्टोवाला अजून आलेला नाही, म्हणून ओमनी पुढे येते. गॅसवर चालणारी, डिचोली-साखळी मार्गावर माल पोचवणारी. मालक पन्नाशीचा, बोलका. दिवसभर त्याला आपला नंबर लागण्याची घाई नव्हती, कारण त्याची तक्रारच मोठी नाही. गाडी चढावर ओढत नाही, एवढंच. आवाज? छे. "कान लावा, आवाजच ना," तो मला सांगतो आणि माझ्या गाडीकडे सहानुभूतीनं बघतो. ओमनीत तेच इंजिन, फक्त पुढच्या सीटांखाली. सीट उचलून काम करावं लागतं. पोरगा सीट उचलतो.

मेस्त पंधराचं पातं लावतात. शिरत नाही. दहाचं लावतात. पात्यांचा पंखा चाळून सगळ्यात पातळ पातं काढतात, पाचाचं. एका सिलिंडरला कसंबसं शिरतं. दुसऱ्याच्या एक्झॉस्टला टोकही जात नाही. ते रॉकर बोटानं हलवून बघतात. हलत नाही. गॅसवर चालताना व्हॉल्व्हची बैठक हळूहळू झिजते. व्हॉल्व्ह हेडात वर सरकतो, त्याची दांडी रॉकरला भिडते आणि फट मिटते. त्याबरोबर आवाजही.

"आवाज कसलोच नाशिल्लो," मालक पुन्हा म्हणतो. या वेळी जरा हळू.

मेस्त पातं पंचाला पुसतात, पंखा मिटतात, खिशात टाकतात. काही बोलत नाहीत. पोरगा भिंतीच्या फटीतून खडूचा तुकडा काढतो आणि ओमनीच्या पुढच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहितो: हेड.